बेटावरचे उंदीर आणि आपल्या धुऱ्यावरचे उंदीर

अमरावतीच्या राजापेठेत कामानिमित्त आलेला कास्तकार गावाकडे परतताना बियाणे आणि फवारणीच्या औषधाबरोबर पुष्कळदा "उंदराचे औषध" म्हणून एक पुडी घेऊन जातो. गहू ओंबीवर आलेला असतो, हरभऱ्याचे घाटे कुरतडलेले दिसतात, नाही तर संत्रा बागेतील ठिबकची नळी जागोजागी फोडलेली असते. पुडी घेताना किडीचे नाव विचारले जाते, तणाचे नाव विचारले जाते, पण उंदीर कोणता हे सहसा कोणी विचारत नाही. उंदीर म्हणजे उंदीर, एवढीच आपली समजूत असते.

ही समजूत महागात पडते. राजापेठेतील दुकानाच्या माळ्यावर धावणारा उंदीर, मोर्शीकडच्या ओलिताच्या बागेत बीळ करणारा उंदीर आणि दर्यापूरच्या कोरडवाहू वावरातील भेगांत राहणारा उंदीर हे तीन निरनिराळे प्राणी आहेत. त्यांचे खाणे, राहणे आणि खोडी वेगळ्या आहेत. एवढेच नव्हे, तर ते एकमेकांचे प्रतिस्पर्धीही आहेत. एकाची पीछेहाट झाली की दुसरा पुढे सरकतो. ही स्पर्धा ज्या शेतकऱ्याला समजली त्याचा औषधाचा खर्च कमी होतो, आणि मुख्य म्हणजे तो वाया जात नाही. म्हणून या लेखात थोडे दूरच्या बेटांवर जाऊन परत आपल्या वावरात येऊ.

आपल्या भागातील उंदरांची ओळख

प्रथम ओळख करून घ्यावी. आपल्या भागात प्रामुख्याने पाच जाती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

१) हरणउंदीर : लांब मागच्या पायांवर हरणासारख्या उड्या टाकतो, म्हणून या लेखापुरते आपण त्याला हे नाव देऊ. शास्त्रीय नाव टाटेरा इंडिका. पाठ फिकट तपकिरी, पोट पांढरे, डोळे मोठे. शेपटी अंगापेक्षा लांब आणि टोकाला काळसर केसांचा झुपका. कोरड्या, हलक्या, भुसभुशीत जमिनीत राहतो. बिळाचे तोंड बहुधा उघडे असते. धान्याबरोबर किडेही खातो.

२) मऊ केसांचा उंदीर : शास्त्रीय नाव मिलार्डिया मेल्टाडा. अंगाने लहान, केस रेशमासारखे मऊ. स्वतः मोठे बीळ खणण्याऐवजी काळ्या जमिनीच्या भेगा, दगडांचे ढीग आणि झुडपांची मुळे यांचा आसरा घेतो.

३) लहान घूस : शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. अंग जाडजूड, तोंड आखूड, रंग काळपट, शेपटी अंगापेक्षा आखूड. गावालगतच्या नालीत दिसणारी मोठी घूस ही नव्हे. ही तिची धाकटी बहीण समजावी. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग आणि आतून मातीने बंद केलेले तोंड ही हिची खूण. जमिनीत ओल असेल तेथे ती खुशाल राहते, चांगली पोहते आणि बिळात कणसे व दाणे साठवून ठेवते.

४) घरउंदीर : शास्त्रीय नाव रॅटस रॅटस. सडपातळ, शेपटी अंगापेक्षा लांब, चढण्यात पटाईत. घर, माळा आणि गोदाम ही त्याची जागा.

५) पिटुकला शेतउंदीर : शास्त्रीय नाव मस बुडुगा. वजन जेमतेम दहा ग्रॅम. बिळाचे तोंड रुपयाच्या नाण्याएवढे.

एका बेटाची गोष्ट

उंदरांची स्पर्धा सर्वात स्पष्ट दिसते ती बेटांवर. बेटाला चारी बाजूंनी समुद्र असतो. हरलेल्याला पळून जायला जागा नसते, त्यामुळे निकाल लवकर लागतो.

हिंदी महासागरात जावाच्या दक्षिणेला ख्रिसमस नावाचे बेट आहे. त्या बेटावर उंदरांच्या दोन मूळ जाती होत्या, ज्या जगात इतर कोठेही नव्हत्या. १८९९ मध्ये एका जहाजातून तेथे घरउंदीर उतरले. म्हणजे आपल्या माळ्यावर असतो तीच जात. पुढे काय झाले? चार-पाच वर्षांत मूळ उंदीर आजारी, लडखडत, दिवसाढवळ्या वाटेवर पडलेले दिसू लागले. १९०८ मध्ये शोध घेतला तेव्हा दोन्ही जातींचा मागमूस उरला नव्हता.

हे कशामुळे घडले याचा उलगडा २००८ मध्ये झाला. वस्तुसंग्रहालयांत ठेवलेल्या त्या जुन्या उंदरांच्या कातड्यांची तपासणी शास्त्रज्ञांनी केली. घरउंदीर येण्यापूर्वीच्या कातड्यांत रोगाचा अंश मिळाला नाही. ते आल्यानंतरच्या काही कातड्यांत मात्र पिसवांमार्फत पसरणारा रक्तातील परजीवी सापडला. नवा पाहुणा आपल्याबरोबर आजार घेऊन आला होता. त्याला स्वतःला त्याची सवय होती, यजमानाला नव्हती.

परंतु प्रत्येक बेटावर असेच घडते असे नाही. पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहात सांतियागो नावाचे बेट आहे. तेथील एक मूळ उंदीर नाहीसा झाला असे समजले जात होते. १९९७ मध्ये तो पुन्हा सापडला. घरउंदीर त्या बेटावर कधीचाच आला होता, तरीही हा टिकून राहिला. तो टिकला कोठे? निवडुंग उगवतो अशा रुक्ष, कोरड्या पट्ट्यात. घरउंदराला ओलावा आणि भरपूर खाणे लागते, त्यामुळे कोरड्या पट्ट्यात त्याचे फारसे चालत नाही.

या दोन बेटांवरून एक गोष्ट ध्यानात येते. स्पर्धा म्हणजे केवळ दातांची लढाई नव्हे. ती खाण्यासाठी असते, बिळाच्या जागेसाठी असते, आणि कधी रोगामार्फतही होते. सगळ्यात मोठा पंच म्हणजे जागा. कोरड्या जागेचा निकाल एक आणि ओल्या जागेचा निकाल दुसरा.

मुंबईही बेटच होती

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक जागा आहे. आजची मुंबई मूळची सात बेटे भरून तयार झालेली आहे. बंदरात देशोदेशीची जहाजे लागत. त्यांतूनच नॉर्वेचा उंदीर म्हणून ओळखला जाणारा मोठा तपकिरी उंदीर तेथे उतरला. आपला घरउंदीर तेथे आधीपासून होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १९०५ पासून प्लेगच्या तपासासाठी नेमलेल्या आयोगाने मुंबईतील उंदीर मोठ्या संख्येने पकडून तपासले. त्यात असे आढळले की या दोन उंदरांनी शहर जणू वाटून घेतले होते. परका तपकिरी उंदीर गटारे, तबेले आणि गोदामांत, तर घरउंदीर भिंतींत आणि छपरांत. प्लेगची साथ आधी गटारांतील उंदरांत वाढे, त्यानंतर सुमारे दहा दिवसांनी घरउंदरांत, आणि मग माणसांत.

यापुढची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत मुंबईच्या उंदरांत लहान घुशीचा वाटा खूप वाढला. म्हणजे जहाजातून आलेल्या दांडग्या परक्यावर आपल्याच मातीतील घुशीने मात केली. कलकत्त्याच्या धान्य गोदामांतही १९६० च्या दशकातील अभ्यासात पकडलेले जवळजवळ सगळे उंदीर लहान घुशीच निघाल्या.

तेव्हा परका म्हणजे बलवान आणि देशी म्हणजे दुबळा, असा नियम नाही. आपला घरउंदीर ख्रिसमस बेटावर विजेता ठरला आणि मुंबईच्या गटारात त्याला जागा मिळाली नाही. जागा ज्याच्या जोगी, राज्य त्याचे.

ओलीत आले, उंदीर बदलला

आता आपल्या वावरात येऊ. वऱ्हाडची शेती पूर्वी बहुतांश कोरडवाहू. कपाशी, ज्वारी आणि तूर ही पिके. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडत. ही हरणउंदराची आणि मऊ केसांच्या उंदराची जागा.

मऊ केसांच्या उंदरावर निसर्गाचा एक अंकुश असतो. पहिला दमदार पाऊस आला की भेगा मिटतात आणि त्यांत राहणारे पुष्कळ उंदीर मरतात. पाऊस लांबला तर हा अंकुश सुटतो. इंग्रज अधिकारी वॉल्टर इलियट यांनी १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखातील प्राण्यांची माहिती छापली. त्यात १८२६ सालची हकीगत आहे. त्या वर्षी सुरुवातीचा पाऊस कमी झाला. भेगा मिटल्या नाहीत आणि हे उंदीर बेसुमार वाढले. पेरलेले बी त्यांनी खाल्ले. पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे तोडली. शेतकऱ्यांना सारा भरणे कठीण झाले. त्यांनी वडार लोकांना धान्य देऊन उंदीर मारायला लावले. हजारोंनी उंदीर मारले गेले, पण संख्या कमी झाल्यासारखी वाटली नाही.

ही शेवटची ओळ आजही तितकीच खरी आहे. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

त्यानंतर आपल्या भागात विहिरी वाढल्या, धरणे झाली. काटेपूर्णा, वान आणि अप्पर वर्धा प्रकल्पांचे पाणी आले. संत्र्याच्या बागा, ओलिताचा गहू, हरभरा, भुईमूग आणि भाजीपाला यांचे क्षेत्र वाढले. पाणी आले म्हणजे जमिनीत बारमाही ओल आली, धुरे हिरवे राहू लागले आणि वर्षभर काही ना काही खायला मिळू लागले. भेगांत राहणाऱ्याचे आणि कोरड्या बिळात राहणाऱ्याचे सुख गेले, आणि ओलीत माती उकरणाऱ्या लहान घुशीचे दिवस आले. ती अंगाने भारी आणि स्वभावाने भांडखोर. शिवाय आपल्या बिळात साठा करणारी. एकदा पाय रोवले की ती इतरांना सहसा जवळ येऊ देत नाही.

असा बदल राजस्थानच्या वाळवंटातही नोंदला गेला आहे. कालव्याचे पाणी पोचल्यावर तेथे वाळवंटातील उंदराची पीछेहाट झाली आणि ओल सोसणाऱ्या जाती पसरल्या. जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी या बदलाचा अभ्यास केला आहे.

म्हणजे पाहा, कोरडवाहू शिवाराच्या मधोमध असलेली आपली ओलिताची बाग हे उंदरांच्या दृष्टीने एक बेटच आहे. सभोवती उन्हाळ्यात रखरखीत रान आणि मध्ये हिरवळ. त्या बेटावर कोणी राहावे हे आपणच आपल्या पाण्याने ठरवलेले असते.

बेट खरे, पण समुद्र नाही

जगात शेकडो बेटांवरून उंदीर पूर्णपणे काढून टाकण्यात आलेले आहेत. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियाजवळील अनाकापा बेटावर २००१ आणि २००२ मध्ये घरउंदरांचा नायनाट केला गेला. तेथे एक मूळचा लहान उंदीरही होता. विषाला देशी-परका हा भेद कळत नाही. म्हणून या मूळ उंदरांपैकी काही आधी पकडून पिंजऱ्यात सांभाळले आणि काम झाल्यावर परत सोडले. ते पुन्हा वाढले.

हे तेथे साधले, कारण सभोवती समुद्र होता. एकदा बेट रिकामे झाले की बाहेरून कोणी येऊ शकत नव्हते. आपल्या बागेच्या बेटाला समुद्र नाही, नुसता धुरा आहे. आपण आपल्या दोन एकरांतील उंदीर मारतो, त्याच वेळी शेजारच्या पडीत वावरात, नाल्याच्या काठावर आणि कुटाराच्या गंजीखाली त्यांची पिल्ले वाढत असतात. उंदराचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा. वाढत्या पिल्लांना बिळासाठी जागा हवीच असते. आपण रिकामी केलेली बिळे त्यांना आयतीच मिळतात. १८२६ मध्ये हजारो उंदीर मारूनही फरक का पडला नाही, याचे उत्तर यातच आहे. मारलेला उंदीर जातो, पण त्याची जागा जात नाही.

म्हणून उंदीर नियंत्रणाचे दोन भाग करावे लागतात. पहिला, सर्वांनी मिळून एकाच वेळी मारणे. दुसरा, जागाच गैरसोयीची करणे. यांपैकी एक करून दुसरे सोडले तर हाती काही लागत नाही.

शेत आणि घर यांची सीमा

स्पर्धेचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवावा. शेतातील आणि घरातील उंदीर सहसा आपापल्या जागी असतात. ही सीमा मोडली की पिकापेक्षा मोठा धोका उभा राहतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगची साथ दिसली. भूकंपाच्या भीतीने लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य पडून राहिले, घरउंदीर वाढले, आणि रानातील उंदरांत असलेला रोग घरउंदरांपर्यंत पोचला, असे स्पष्टीकरण तेव्हा देण्यात आले. घाबरण्याचे कारण नाही. परंतु घरात विष ठेवलेले नसताना उंदीर मरून पडू लागले तर त्यांना हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला ताबडतोब कळवावे. धान्याची साठवण जमिनीपासून उंच, पत्र्याच्या कोठीत करावी. गोठ्याला आणि घराला लागून कुटाराची व पऱ्हाटीची गंजी लावू नये.

काय करावे?

१) आधी ओळख, मग औषध. सायंकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने बंद करावीत. सकाळी जी उघडलेली किंवा ताज्या मातीची दिसतील तीच जिवंत बिळे. फक्त त्यांतच आमिष टाकावे. तोंडाशी मातीचा ढीग असेल तर लहान घूस समजावी. भेगांत आणि दगडांच्या ढिगांत वावर असेल तर मऊ केसांचा उंदीर समजावा.

२) वेळ साधावी. मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा सर्वात उत्तम. या वेळी शेतात खायला कमी असते, उंदरांची संख्या कमी असते आणि धुऱ्यावरील बिळे स्पष्ट दिसतात. दुसरी मोहीम रब्बीत, गहू-हरभरा दाण्यावर येण्यापूर्वी घ्यावी. पीक फस्त होऊ लागल्यावर उंदीर आमिषाकडे वळत नाही, कारण त्याच्यासमोर ताजे दाणे असतात.

३) शिवार एक धरावे. गावातील कास्तकारांनी ठरवून तीन-चार दिवसांत संपूर्ण शिवारातील धुरे, नाल्याचे काठ, पडीत जमीन आणि पांदण यांतील जिवंत बिळे हाताळावीत. ज्याचे वावर पडीत आहे त्यालाही सोबत घ्यावे. नुकसान त्याचे नसले तरी उंदीर त्याच्याकडचे असतात.

४) धुरा लहान ठेवावा. रुंद आणि उंच धुऱ्यात घुशीला प्रशस्त घर मिळते. धुऱ्यावरील गवत व झुडपे काढावीत. दगडांचे ढीग हलवावेत. उन्हाळ्यात वखरणी करून भेगा बुजवाव्यात. बागेत ठिबकच्या नळ्या गवतात झाकलेल्या राहू देऊ नयेत.

५) झिंक फॉस्फाइडचे आमिष वापरायचे असल्यास प्रथम दोन दिवस विष न घालता तेल लावलेला भरडा बिळाजवळ ठेवावा. उंदीर संशयी असतो, नवे खाणे लगेच खात नाही. तिसऱ्या दिवशी ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम खाद्यतेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाइड काडीने मिसळून, प्रत्येक जिवंत बिळात सुमारे दहा ग्रॅम कागदाच्या पुडीत खोल सारावे व तोंड बंद करावे. एका हंगामात हे एकदाच वापरावे. थोडे खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. उरलेल्यांसाठी ब्रोमाडिओलोनची तयार वडी वापरावी. तिचा परिणाम काही दिवसांनी होतो, त्यामुळे उंदराला संशय येत नाही.

६) उंदराचे शत्रू सांभाळावेत. गव्हाणी घुबड, धामण आणि मुंगूस हे आपले बिनपगारी राखणदार आहेत. रब्बी पिकात पक्ष्यांना बसण्यासाठी काठ्यांचे थांबे उभारावेत. विषाने मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरू शकते. म्हणून मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत.

विषाबाबत सावधगिरी

झिंक फॉस्फाइडवर खास उतारा नाही, हे कधीही विसरू नये. आमिष उघड्यावर, मोकळ्या वाऱ्यात आणि हातमोजे घालून तयार करावे. घरातील भांडे वापरू नये. पुडी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, कुलुपात ठेवावी. वापरण्यापूर्वी वेष्टनावरील सूचना वाचाव्यात आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून चालू शिफारस विचारून घ्यावी. धुरी देणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या शेतकऱ्याने स्वतः हाताळू नयेत. ते काम प्रशिक्षित माणसाचे आहे. चुकून विष पोटात गेल्यास वेळ न दवडता, वेष्टनासह, दवाखाना गाठावा.

शेतकरी बंधूंनो, ख्रिसमस बेटावरील उंदरांना नवा पाहुणा आला हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्या शिवारात पाहुणा कोण येणार हे आपल्याला आधीच कळू शकते. कारण पाणी आपणच आणतो, धुरे आपणच बांधतो आणि गंजी आपणच रचतो. येत्या मे महिन्यात एका सकाळी धुऱ्यावरून फेरी मारावी, बिळांची तोंडे पाहावीत आणि शेजाऱ्यालाही बोलावून दाखवावीत. पुडी आणायला त्यानंतर जावे.